महाबळेश्वर-पाचगणीला धावपटू मुलांचं शिबिर नेताना

मे महिन्यात माण-खटावच्या किंवा बीडच्या माळावर सकाळी आठलाच ऊन पाठ भाजायला लागतं. त्याच दिवशी पाचगणीत सहा वाजता मुलं स्वेटर काढायला तयार नसतात. १४ ते १८ वयाच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंना उन्हाळी सुट्टीत तीन आठवडे वर न्यायचं, ते मुख्यतः या गारव्यासाठी. पहिल्यांदा तुकडी घेऊन निघालेल्या क्रीडाशिक्षकांसाठी आणि त्यांच्यावर विश्वास टाकून मुलं पाठवणाऱ्या पालकांसाठी हे लिहिलं आहे. आकडे २० मुलामुलींची तुकडी आणि २१ दिवसांचं शिबिर धरून दिले आहेत.

आधी उंचीचा हिशोब

"वर हवा विरळ असते, रक्त वाढतं, खाली आल्यावर पोरं उडतात," हे प्रत्येक मैदानावर ऐकायला मिळतं. हवेत ऑक्सिजन सगळीकडे सुमारे २१ टक्केच असतो. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, म्हणून एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन घटतो. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे आणि तिथला दाब समुद्रसपाटीपेक्षा जवळपास १५ टक्क्यांनी कमी असतो. सातारा शहर मुळातच सातशे-साडेसातशे मीटरवर वसलेलं, त्यामुळे तिथल्या मुलांना हा फरक आणखी कमी जाणवतो. तांबड्या पेशी वाढाव्यात म्हणून मोठे खेळाडू २००० ते २५०० मीटरवर तीन-चार आठवडे मुक्काम करतात. उटी २२४० मीटरच्या आसपास आहे, हिमाचलातलं शिलारू २४०० च्या वर.

तेव्हा पालकांना रक्त वाढवून आणायचं आश्वासन देऊ नका. महाबळेश्वरात मिळतात ते चढ, तांबड्या मातीच्या वाटा, गार सकाळ, दुपारची झोप आणि वेळेवर ताट. आणि आणखी एक गोष्ट मिळते, जी घरी शिकवणं फार अवघड जातं: सावकाश धावणं. शिबिर बिघडतं ते जवळजवळ नेहमी इथेच. वीस तालुक्यांचे वीस पहिले नंबर एकत्र आले की साधी सकाळची फेरीही शर्यत होते, आणि चौथ्या दिवसापासून मुलं लंगडायला लागतात.

पंधराव्या वर्षी घाई करणाऱ्यांना दोन नावं सांगावीत. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेले आणि स्पर्धेचं धावणं त्यांनी तिथे सुरू केलं. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेसचं (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत) सुवर्ण जिंकलं. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये याच प्रकाराची अंतिम फेरी गाठून दहावा क्रमांक मिळवला, तेव्हा त्या २७ वर्षांच्या होत्या. तुमच्या तुकडीतल्या मुलांपुढे अजून दहा-बारा वर्षं आहेत.

निघण्याआधीचा महिना

शिबिरात फक्त अशी मुलं न्या, जी आधीचे किमान तीन महिने आठवड्यातून चार दिवस धावत आहेत. नडगी दुखत असताना "वर गेल्यावर मोकळी होईल" म्हणून कुणाला नेऊ नका. वर चढ-उतार आहेत, ती वाढेलच.

प्रत्येकाकडून चार आठवड्यांच्या सरावाची नोंद मागवा. घरी आठवड्याला ३० किलोमीटर धावणाऱ्या मुलीने शिबिरात ३३-३५ च्या वर जाऊ नये, ५० धावणाऱ्या मुलाने ५५ च्या. शेजारच्या खाटेवरचा ७० धावतो, हे कारण होऊ शकत नाही. पंधराच्या आतल्यांना आठवड्याला पाच दिवस धावणं भरपूर झालं.

हिमोग्लोबिन आणि फेरिटिन या दोन रक्ततपासण्या महिनाभर आधी करून घ्या. मुलींचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पंधरा वर्षांवरच्या मुलांचं १३ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिकामा असू शकतो, आणि मग मूल चढावर विनाकारण धापा टाकतं. आपण समजतो कामचुकारपणा करतंय. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांनी मोजमाप करून द्यायच्या, कोचने नव्हे. हेच पावडर, इंजेक्शन आणि "ताकदीच्या" गोळ्यांना लागू. उत्तेजकविरोधी नियम अल्पवयीन खेळाडूंनाही बांधतात.

दम्याचा पंप, ॲलर्जी, फिट येण्याचा इतिहास, धावताना कधी चक्कर किंवा छातीत दुखणं, हे सगळं पालकांच्या सहीने लेखी घ्या. धावता धावता शुद्ध हरपलेल्या मुलाला हृदयाची तपासणी झाल्याशिवाय शिबिरात घेऊच नका.

जागा आणि माणसं

राहायला महाबळेश्वरपेक्षा पाचगणी सोयीची. तिथे निवासी शाळा पुष्कळ आहेत. सुट्टीत एखादं वसतिगृह मिळालं तर झोपायची खोली, मेस आणि मैदान एकाच कुंपणात येतं. जागा पाहायला गेलात की तीन गोष्टी स्वतः तपासा: मे अखेरीला पाण्याची टाकी रोज भरते का, रात्री नऊनंतर शेजारी लग्नाचा किंवा हॉटेलचा आवाज असतो का, आणि मेसवाला सकाळी साडेसातला गरम नाश्ता देईल का.

दर आठ-दहा मुलांमागे एक जबाबदार मोठं माणूस लागतं. मुली असतील तर एक महिला प्रशिक्षक किंवा शिक्षिका मुक्कामाला हवीच, दिवसा येऊन-जाऊन चालणार नाही. खोल्या वेगळ्या मजल्यावर ठेवा. मालिश किंवा स्ट्रेचिंग बंद खोलीत एकट्या मुलाला किंवा मुलीला घेऊन करायचं नाही, मोकळ्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर करायचं. हा नियम पहिल्याच संध्याकाळी मुलांसमोर मोठ्याने सांगा, म्हणजे तो मोडला जाताना त्यांनाही कळेल.

पिशवीत काय

बुटांचे दोन जोड, दोन्ही आधी किमान ५०-६० किलोमीटर वापरलेले. शिबिरासाठी म्हणून निघायच्या आदल्या दिवशी घेतलेले कोरे बूट हे फोडांचं पहिलं कारण. स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) घरी ठेवा. मोज्यांचे सहा जोड, स्वेटर, कानटोपी, वाऱ्याचं जाकीट, एक लिटरची स्वतःची बाटली, छोटी बॅटरी, साधं डिजिटल घड्याळ, नेलकटर, शंभर पानी वही. मुलींनी नेहमीच्या पॅडचा पुरेसा साठा आणावा आणि जास्तीचा बाईंकडे असावा. जुनी वर्तमानपत्रं घेऊन जा: वळवाच्या पावसात भिजलेल्या बुटात चुरगळून कोंबली, दोन तासांनी बदलली, की सकाळपर्यंत बूट वाळतात. हीटरजवळ ठेवलेल्या बुटांचा तळ सुटतो.

पहिले चार दिवस

वाईहून पसरणी घाट चढताना निम्म्या मुलांना मळमळतं. निघताना हलकं खायला द्या, पुढच्या सीटवर बसवा, आल्याची वडी जवळ ठेवा. वर पोचल्यावर त्या दिवशी फक्त सामान लावणं, परिसर पायी पाहणं आणि संध्याकाळी २० मिनिटं अगदी हलकं धावणं. दुसऱ्या दिवशी ३० मिनिटं, तिसऱ्या दिवशी ४०, चौथ्या दिवशी ४० आणि शेवटी सपाट गवतावर ८० मीटरच्या चार मोकळ्या धावा. यातलं काहीही जोरात नाही.

या दिवसांत कुणाचं ना कुणाचं डोकं दुखतंच. लगेच "उंची लागली" म्हणू नका. उंचीचा त्रास साधारणपणे २५०० मीटरच्या वर सुरू होतो. इथलं डोकं बहुतेक वेळा पाणी कमी प्यायल्याने, सकाळी काही न खाल्ल्याने किंवा रात्री दोनपर्यंत गप्पा मारल्याने दुखतं. गार हवेत तहान लागत नाही, घाम वाऱ्यावर उडून जातो आणि मूल दिवसभरात जेमतेम लिटरभर पाणी पितं. अडीच-तीन लिटर लागतं. मुलांना लघवीचा रंग पाहायला शिकवा: लिंबूपाण्यासारखी फिकट असेल तर ठीक, मोहरीच्या तेलासारखी पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय.

आता सावकाश म्हणजे किती सावकाश? ज्याला ३००० मीटर १० मिनिटांत येतात, त्याची सावकाश धाव या उंचीवर किलोमीटरला ५ मिनिटं ते साडेपाच मिनिटं. जिला १२ मिनिटं लागतात, तिची सहा ते साडेसहा. पण चढ-उतारावर घड्याळ फसवतं, म्हणून पाढा म्हणायला लावा. एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस, एकोणीस त्रिक सत्तावन्न, असं धावता धावता मोठ्याने. दोन-दोन ओळींनंतर सहज श्वास घेत मूल दहापर्यंत पोचलं तर वेग बरोबर. प्रत्येक आकड्याला श्वास तुटत असेल तर वेग जास्त. सोबतच्यांनाही ऐकू येतं, त्यामुळे खोटं बोलता येत नाही. (पाढाच येत नसेल तर तो दुपारी पाठ करून घ्या. तीन आठवडे आहेत.)

गट वयाप्रमाणे पाडू नका, या वेगाप्रमाणे तीन पाडा. प्रत्येक गटात पुढे धावायचं काम रोज वेगळ्याकडे द्या आणि नियम एकच ठेवा: पुढच्याने मागच्या शेवटच्या मुलाचा पाढा ऐकू येईल इतक्या अंतरात राहायचं. जो मुलगा दर वळणावर दोन पावलं पुढे काढतो, त्याला दोन दिवस मागच्या गटाची जबाबदारी द्या. शिक्षा म्हणून सांगितलंत तर रुसेल, जबाबदारी म्हणून दिलीत तर दोन दिवसांत सुधारतो.

दिवस

सव्वापाचला उठणं. अंथरुणातच, पाय खाली ठेवण्याआधी, मनगटावर दोन बोटं ठेवून ३० सेकंद नाडी मोजायची आणि दुप्पट करून वहीत लिहायची. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाची स्वतःची सरासरी कळते. ती कुणाची ५२ असते, कुणाची ६८, त्याची तुलना करायची नाही. स्वतःच्या सरासरीपेक्षा सलग दोन दिवस ८-१० ठोके जास्त आले तर त्या दिवशी जोराचा सराव रद्द. ताप यायच्या आधी बहुतेकदा नाडीच बोलते.

पावणेसहाला एक केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू आणि अर्धा ग्लास पाणी. सव्वासहाला, उजेड पुरता झाल्यावर, धावायला बाहेर. धावून आल्यापासून ४५ मिनिटांच्या आत नाश्ता. दहा ते बारा वही, कपडे, पायांची देखभाल. साडेबाराला जेवण, दीड ते तीन झोप. साडेचारला दुसरं सत्र: २५-३० मिनिटं हलकी धाव किंवा ताकदीचे व्यायाम, दोन्ही नाही. साडेसातला रात्रीचं जेवण, नऊला सगळ्यांचे फोन एका डब्यात, सव्वानऊला दिवे बंद. फोनवरून पहिले तीन दिवस कुरकुर होते. घरच्यांशी बोलायला रोज साडेसहा ते सात ही वेळ ठेवली की ती थांबते.

दुपारी तीननंतर मे महिन्यात वळवाचे ढग भरून येतात. पाचगणीच्या टेबललँडसारख्या उघड्या पठारावर वीज हा खरा धोका आहे. पहिला गडगडाट ऐकू आला की पठार सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत यायचं, झाडाखाली थांबायचं नाही. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास झाल्याशिवाय परत जायचं नाही.

आठवडा

पाचव्या दिवसापासून घडी अशी बसवा. मंगळवारी चढाच्या फेऱ्या, शुक्रवारी वेगाचं काम, रविवारी लांब धाव, सोमवारी पूर्ण सुट्टी. उरलेले तिन्ही दिवस पाढ्याच्या वेगाने ४० ते ५० मिनिटं. शुक्रवारी पहिल्यांदा एक मिनिट जोरात आणि एक मिनिट हळू असं दहा वेळा. पुढच्या शुक्रवारी सहा-सहा मिनिटांचे तीन तुकडे, मध्ये दोन मिनिटं संथ. त्या सहा मिनिटांत तीन-चार शब्दांचं वाक्य बोलता आलं पाहिजे. शेवटच्या मिनिटाला तोंड वाकडं होत असेल तर तो सराव बिघडला.

रविवारची लांब धाव पंधराच्या आतल्यांना ५०-५५ मिनिटं, मोठ्यांना ७०-८०. किलोमीटर जाहीर करू नका, मिनिटंच सांगा. किलोमीटर सांगितले की मुलं लवकर संपवायला बघतात.

ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं: सहा सूर्यनमस्कार, एका पायावर टाच उचलणं प्रत्येकी १२ चे दोन संच, पायरीवरून एका पायाने हळूहळू खाली येणं प्रत्येकी ८, तीस सेकंदांचा प्लँक तीनदा. वजनं नकोत.

चढाच्या फेऱ्या, नीट

शिबिराचा सगळ्यात मोलाचा सराव हाच, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. चढ निवडताना दर शंभर मीटरला पाच-सहा मीटर उंची घेणारा, १८०-२०० मीटर लांबीचा, मातीचा किंवा जुन्या डांबराचा आणि वाहनं नसलेला रस्ता शोधा. त्याहून उभा चढ मुलांना पंजांवर नाचायला लावतो आणि पोटरी-टाचेवर ताण देतो. खडी सुटी असेल तर घोटे मुरगळतात.

पंधरा-वीस मिनिटं हलकं धावून अंग तापवा. मग ४५ सेकंद वर. पहिल्या फेरीत मूल जिथे पोचतं तिथे काठी किंवा दगड ठेवा. खाली चालत आणि संथ धावत यायचं, दीड ते दोन मिनिटं घेऊन. पहिल्या मंगळवारी लहानांना पाच फेऱ्या, मोठ्यांना सहा. पुढच्या मंगळवारी एकेक वाढवा, आठच्या वर जाऊ नका.

धावताना नजर दहा-पंधरा मीटर पुढे. मान खाली गेली की कंबर वाकते आणि श्वास दबतो. पावलं लहान आणि जलद, गुडघा पुढे उचललेला, हात खिशाच्या रेषेपासून छातीपर्यंत सरळ पुढे-मागे. मुठी आवळलेल्या दिसल्या तर अंगठा आणि तर्जनीत वाळलेलं पान धरायला सांगा. वर पोचेपर्यंत ते चुरगळता कामा नये. खांदे आपोआप सैल होतात.

थांबायचं कधी? ४५ सेकंदांत ज्या दगडापर्यंत पोचायचं, त्याच्या सात-आठ पावलं अलीकडे मूल राहिलं की त्याची फेरी संपली, यादीत दोन उरल्या असल्या तरी. आणि उलटही बघा: पहिली फेरी दगडाच्या पुढे, शेवटची फार मागे, म्हणजे मुलाने सुरुवातीलाच सगळं उधळलं. अशा मुलाला पुढच्या वेळी पहिल्या दोन फेऱ्या तुमच्या बाजूने धावायला लावा.

उतार हा वेगळा विषय आहे. चढ दम काढतो, उतार स्नायू फाडतो. जोराने उतरताना मुलं टाच रोवून ब्रेक लावतात, मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच भार घेतात, आणि दोन दिवसांनी जिना उतरताना रडकुंडीला येतात. पहिल्या आठवड्यात डांबरी उतार धावायचाच नाही. नंतर मातीच्या सौम्य उतारावर, लहान पावलांनी, अंग मागे न झुकवता, शंभर-शंभर मीटर शिकवा.

वाटा आणि पसरणी घाट

टेबललँडवर जांभा दगडाचं सपाट पठार आहे. पर्यटक आणि घोडे यायच्या आत, सात-साडेसातपर्यंत, तिथे लांब सपाट धाव छान होते. जागा वापरण्याबद्दल नगरपालिकेत आधी विचारून घ्या. पठार कठीण आहे आणि वर बारीक खडे असतात, म्हणून आठवड्यातून दोनदाच. जंगलातल्या मातीच्या वाटा पायाला मऊ, पण मुळं उघडी असतात. महाबळेश्वरच्या जंगलात गवे आहेत: दिसला की धावणं थांबवायचं, आवाज न करता मागे सरकायचं, फोटो काढायचा नाही. अंधारात आणि एकट्याने जंगलात कुणीही नाही. निघताना हजेरी, आल्यावर हजेरी.

वाईपासून पाचगणीपर्यंत पसरणी घाटाचा रस्ता १२-१३ किलोमीटरचा, आणि चढ साडेपाचशे मीटरहून थोडा जास्त. सोळा-सतरा वर्षांच्या तयार मुलांनी तो शिबिरात एकदाच, दुसऱ्या आठवड्यात, रविवारच्या लांब धावेच्या ऐवजी चढावा. लहानांनी शेवटचे चार-पाच किलोमीटर. पण रविवारी नको, पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते. बुधवारी ठेवा, त्या आठवड्यात मंगळवारचे चढ रद्द करा आणि रविवारी साधी हलकी धाव घ्या. गाडीने खाली जायचं, धावत वर यायचं. उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं, एकामागे एक, भडक रंगाच्या बनियनमध्ये. मागे स्वतःची गाडी दिवे लुकलुकत ठेवून, पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन. यातली गाडी मिळत नसेल तर घाट सोडून द्या, त्याशिवाय शिबिराचं काही अडत नाही.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वराच्या घाटातून जाते, त्यामुळे मुलांच्या डोक्यात २१ किलोमीटरचं स्वप्न असतं. १५०० आणि ३००० मीटरच्या वयात ते थांबू दे.

ताट

५५ किलोच्या धावपटू मुलाला दिवसाला ७५ ते ८५ ग्रॅम प्रथिनं लागतात. नाश्त्याला भरपूर शेंगदाणे घातलेले पोहे किंवा उपमा, दोन अंडी (न खाणाऱ्यांना मोड आलेल्या मुगाची वाटी), पाव लिटर दूध. दुपारी चार-पाच पोळ्या किंवा तीन भाकऱ्या, मटकीची उसळ, घट्ट वरण, भात, काकडीची कोशिंबीर, ताक. साडेतीनला मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा बाजारातले भाजलेले चणे. रात्री पुन्हा पूर्ण जेवण, आठवड्यातून दोनदा चिकन किंवा पनीर. आठवड्यातून दोनदा अळिवाचा लाडू. उसळीवर लिंबू पिळायला लावा, लोह जास्त शोषलं जातं. चहा जेवणानंतर तासभर तरी नको, तो लोह अडवतो. मेसवाले जेवणाला लागूनच चहा आणतात, त्यांना आधी सांगून ठेवा.

वजनकाटा शिबिरात ठेवूच नका. "थोडी बारीक झालीस तर पळशील" हे एक वाक्य पंधरा वर्षांच्या मुलीला जेवण टाकायला पुरतं. कमी खाऊन जास्त धावलं की पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात आणि मग बारीक भेगा पडतात. सलग तीन महिने पाळी न आलेल्या मुलीला डॉक्टरांकडे न्यायचं. "धावणाऱ्या मुलींचं असंच असतं" हे समजूतदारपणाचं उत्तर नाही, ते नुकसान आहे. हे बोलणं बाईंनी पहिल्या दोन दिवसांत सगळ्या मुलींशी एकत्र करावं.

दुखलं तर

नडगी दुखते म्हणणाऱ्या मुलाला एका बोटाने जागा दाखवायला सांगा. आतल्या कडेने वीतभर पसरलेलं दुखणं, जे अंग तापल्यावर कमी होतं, ते बहुतेकदा सराव वाढल्याचं: तीन-चार दिवस निम्मं धावणं, माती-गवतावरच, चढ-उतार बंद. पण मूल एका बोटाच्या टोकाएवढी जागा दाबून कळवळत असेल, एका पायावर उडी मारता येत नसेल किंवा रात्री ठणकत असेल, तर हाडाला भेग असू शकते. त्या क्षणापासून धावणं बंद आणि अस्थिरोगतज्ज्ञ. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ती भेग बहुतेकदा दिसत नाही, तेव्हा "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणून पुन्हा धावायला लावू नका.

गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचं टेंगूळ दुखणं आणि बारा-चौदाच्या मुलांची टाच मागून दुखणं, ही वाढीच्या वयातली दुखणी आहेत. एका वर्षात पाच-सात सेंटीमीटरच्या वर उंची वाढलेल्यांना जास्त होतात. उड्या आणि चढ कमी, सराव हलका, वेळेबरोबर जातात.

फोड फुटलेला नसेल तर फोडू नका. स्वच्छ करून वर चिकटपट्टी. ताप, छातीत कफ किंवा अंगदुखी असेल तर धावणं शून्य. एका डॉर्मिटरीत खोकला चार दिवसांत सगळ्यांना होतो, म्हणून बाटल्या आणि टॉवेल वेगळे, आणि आजारी मुलाला वेगळी खोली. जवळचं रुग्णालय, तिथे पोचायला लागणारी वेळ आणि रात्री गाडी चालवणारा माणूस, हे तिन्ही पहिल्या दिवशी भिंतीवर लिहून लावा.

वही

रोज चार ओळी पुरतात. नमुना: "नाडी ५८. झोप साडेआठ तास. सकाळी ४५ मि. सावकाश, भिलार रस्ता, पाढा ठीक. उजवी पोटरी जड, दहापैकी ३. जेवण पूर्ण." दुखण्याला दहापैकी गुण द्यायला शिकवा. सलग तीन दिवस ३ च्या वर गेलं की बोलायचं. प्रशिक्षकांनी वह्या रोज दुपारी वाचायच्या. मूल तोंडाने सांगत नाही ते वहीत लिहितं, पण कुणीतरी वाचतंय हे दिसलं तरच.

उतरताना

शेवटच्या दिवशी टायमिंग घ्यायची हौस आवरा. तीन आठवड्यांच्या थकव्यावर, चढाच्या रस्त्यावर, पालक बघायला आलेले: त्या वेळेला काही अर्थ नसतो आणि दुखापती मात्र खऱ्या होतात. शेवटचे तीन दिवस धावणं निम्म्यावर आणा.

घरी परतल्यावर खरी जोखीम सुरू होते. १८ अंशांच्या सकाळीतून मूल ४०-४१ अंशांच्या दुपारीत येतं आणि वरचा वेग खाली धरायला जातं. उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. पहिला आठवडा सकाळी साडेपाचला, ३०-३५ मिनिटं, पाढ्याच्याच वेगाने. डोकं गरगरणं, अंगावर काटा येणं किंवा बोलणं असंबद्ध होणं दिसलं तर सावलीत घ्या, डोक्या-अंगावर गार पाणी ओता, ओल्या कपड्याने वारा घाला आणि दवाखान्यात न्या. स्पर्धा असेल तर उतरल्यापासून दोन आठवड्यांनंतरची निवडा.

वही चालू ठेवायला सांगा आणि पंधरा दिवसांनी पानांचे फोटो मागवा. घरच्या सकाळची नाडी शिबिराच्या सरासरीजवळ आली असेल आणि एकोणिसाचा पाढा गावच्या रस्त्यावरही दहापर्यंत जात असेल, तर जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जोराचा सराव पुन्हा सुरू करायला हरकत नाही.